टिकली लावलेला कॉम्प्युटर

आजीचा कॉम्प्युटर बिघडला होता, असं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल. तो बिघडला नव्हता. त्यात परकी माणसं शिरली होती आणि मी त्यांना हाकलून दिलं. तुमच्याकडे चुकीची हकीकत राहू नये म्हणून हे लिहिते आहे.

रविवारी तुम्हाला मी दिसते ती याच कॉम्प्युटरमधून. सांगवीच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीजवळ तो आहे. बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तेव्हा दुकानात उभं राहून मीच तो निवडला. माझी पेन्शन, विजेची बिलं, जुन्या विद्यार्थिनींची पत्रं, तुमचे फोटो, सगळं ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये असतं. मी मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी लावते म्हणून तुमचे आजोबा हसतात. मीठ मात्र त्यांना लगेच सापडतं.

एके दिवशी सकाळी ब्राउझर उघडला तर माझं नेहमीचं पान गायब. त्या जागी कुठलं तरी अनोळखी शोधायचं पान आणि वर भडक पट्टी. मी माझं पान पुन्हा लावलं, सगळं बंद करून उघडलं, तर परत तेच. बँकेचं नाव टाइप केलं की बँकेच्या आधी भलत्याच जाहिराती. कोपऱ्यात सारखी चौकट उगवायची, तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे, इथे दाबा म्हणून. मी दाबलं नाही. तेवढ्यात कॅमेऱ्याजवळचा बारीक दिवा लागला. मी तर कुणालाच फोन लावला नव्हता.

मी उठले, कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्यातली मोठी मरून टिकली कॅमेऱ्यावर चिकटवली. मग इंटरनेटची वायर उपटली. बसा आता आत कोंडून, म्हटलं.

तुमच्या बाबाला कळवलं ते मात्र मला महागात पडलं. त्याने लगेच ठरवून टाकलं की कॉम्प्युटर काढून टाकायचा. तो टॅब पाठवणार, त्यावर तो ठरवेल तेवढंच उघडणार, आणि माझी बँक, माझा मेल तो त्याच्या घरी बसून बघणार. काळजीपोटी बोलत होता, हे मला कळत होतं. पण घरात चोर शिरला तर माणूस कुलूप बदलतो, घर मुलाच्या नावावर करून ओसरीत बसत नाही. मी त्याला तसं म्हणाले. तो म्हणाला, आता या वयात कशाला हा त्रास? हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

"रविवारी मी याच कॉम्प्युटरवरून बोलेन," मी म्हणाले. "नाही बोलले तर तुझा टॅब पाठव. मी घेईन."

शब्द देऊन बसले आणि मग विचार केला की कसं जमवायचं.

आधी तुमचे आजोबा आणि मी कॉम्प्युटरचा डबा घेऊन रिक्षाने बारामतीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने डबा उघडून बघितला आणि तुमच्या आजोबांना सांगितलं, "आबा, फॉरमॅट मारावा लागंल." माझ्या फाइली राहतील का, असं मी विचारलं. त्यानेही उत्तर आबांनाच दिलं, की आजींना सांगा, कॉपी असली तर राहतील. वर तो अँटिव्हायरस फुकट घालून देणार होता, कुलूप फोडलेला, पैसे न भरता चालणारा. चोरांवर राखण ठेवायला चोरीचाच राखणदार! मी डबा उचलायला लावला आणि आम्ही परत आलो.

रिक्षात मला माझीच चीड आली. त्या पडद्यावर जे काही लिहिलेलं असतं ते इंग्रजीत असतं. इंग्रजी वाचायला घाबरू नका, शांतपणे शेवटपर्यंत वाचा, हे मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना सांगितलं. मग मी काय म्हणून घाबरायचं?

घरी येऊन आधी फोनवरून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदलला, कारण आतल्यांनी जुने पाहिलेले असणार. मग कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली. मी कधीही न घेतलेले काही प्रोग्रॅम एकाच दिवशी मुक्कामाला आलेले होते. नावं मोठी साळसूद. एक कागद उघडून देणारा, एक सवलती शोधणारा, एक कॉम्प्युटरचा वेग वाढवणारा. मी तुमच्या आजोबांना हाक मारली आणि त्या दिवशी ते इथे बसले होते का, असं विचारलं.

"सातबारा बघायचा हुता," ते म्हणाले. "त्येनं इचारलं, हे घालू का? व्हय म्हनलं. मग इचारलं, ते घालू का?"

"त्यालाही व्हय?"

"दारात येऊन इचारतंय. न्हाय कसं म्हनायचं?"

यावर रागवायचं तरी कसं? तुमच्या आजोबांनी दारातून कुणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. निवडणुकीत सगळ्या बाजूंचे उमेदवार आमच्या ओट्यावर चहा पितात आणि सगळे व्हय ऐकून खुशीत जातात. तोच शिष्टाचार त्यांनी कॉम्प्युटरशी पाळला होता.

मी एकेक प्रोग्रॅम काढत गेले. एक जाताजाता विचारत होता, खरंच जाऊ का, थोडे दिवस राहू का? मोठं बटण राहण्याचं होतं आणि जाण्याचं अक्षर फिकट, बारीक. ते मी चष्मा पुसून शोधलं. ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शनं काढली, ब्राउझर पहिल्यासारखा करून घेतला, चौकटी दाखवायला दिलेल्या परवानग्या रद्द केल्या. मग वायर जोडून कॉम्प्युटरचा स्वतःचा अँटिव्हायरस ताजा केला आणि कानाकोपरा तपासायला लावला. मी स्वयंपाक करून आले तरी त्याचं चाललेलंच होतं. शेवटी दडून बसलेला एक सापडला, मी काय टाइप करते ते टिपणारा आणि कॅमेरा परस्पर उघडणारा. तोही गेला. पुन्हा तपासलं. आता काही नव्हतं.

पण आजोबांचं व्हय अजून तिथेच होतं. म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरवर वेगळं खातं काढून दिलं. त्यातून नवं काही आत घालायचं असेल तर माझा पासवर्ड लागतो. ते खुर्चीतून उठलेच.

"माज्याच घरात मला परवानगी लागनार?"

"दारात आलेल्याला तुम्ही पाणी कुठे देता?" मी विचारलं.

"वट्यावर."

"त्याला देवघरात नेता?"

"न्हाय."

"मग तुमचं खातं म्हणजे ओटा. सातबारा बघा, कीर्तन ऐका, कुणाशी काय बोलायचं ते बोला. कुणी आत येतो म्हणाला तर मला विचारायचं."

"तुला इचारायचं," ते म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं तेच चाललंय." आणि बसले.

आता कोपऱ्यात काही उगवलं की ते ओरडतात, अगं, दारात कोनतरी आलंय. मी हातातलं काम ठेवून येते, वाचते आणि बहुतेक वेळा नाही म्हणते. मला ते जड जात नाही.

रविवारी टिकली काढून पडद्याच्या कडेला लावली आणि तुम्हाला फोन लावला. तुम्ही टिकलीबद्दल विचारत होता आणि तुमचा बाबा तुम्हाला बाजूला सारून माझी परीक्षा घेत होता. हे उघड, ते वाचून दाखव. मी दाखवलं. कुठे काही सापडलं नाही, तेव्हा टॅबचा विषय त्याने सोडला. मग म्हणाला, "आई, तो मुख्य पासवर्ड तेवढा मला पाठवून ठेव. अडीअडचणीला असावा."

"नाही," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर टिकली परत जागेवर लावली, तर तुमचे आजोबा मागे उभे होते.

"बरं केलंस," ते म्हणाले. "पोरानं कितीबी मोठं व्हावं, आपली किल्ली आपल्याकडं." मग थोडं पुढे वाकले. "मला तरी सांगशील न्हवं?"

"तुम्हालाही नाही."

"बरं," म्हणाले, आणि दाराकडे निघाले. "मग वट्यावर च्या तरी मिळंल का?"

तो मात्र मी लगेच टाकला.