बारीक पॅकेटांचा मारा

"चल, मरायला तयार हो."

सकाळी लॅबमध्ये शिरल्यावर काकांचं पहिलं वाक्य हे असायचं, आणि ते आमच्याशी नाही, मशीनशी. मग शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवायच्या, दहाही बोटं कडाकडा मोडायची आणि रॅकच्या कडेवर एक सणसणीत थाप मारायची. कोलशेतला आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. थाप ऐकून चहावाला म्हणायचा, "आले तुमचे काका."

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असते. आमच्याकडची ती खुर्ची मला मिळाली. मी नवीन लागलेलो, डोंबिवलीहून यायचो, आणि नवीन माणसाने काय, ढकलतील तिथे बसायचं.

आमची कंपनी फॉरवर्डर बनवायची. साध्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर. या तारेतून आलेलं पॅकेट उचलायचं, त्या तारेवर टाकायचं, मध्ये हरवू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. फोनवरचं बोलणं असो नाहीतर सिनेमा, तारेतून जाताना त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आता हा फॉरवर्डर टिकतो की नाही हे कसं कळणार? त्यासाठी दुसरं मशीन असतं, ट्रॅफिक जनरेटर. ते खोटी पॅकेटं बनवतं, समोरच्यावर ओतत राहतं, आणि किती पोचली ते सांगतं. त्या जनरेटरवर बसून आमचंच मशीन आडवं पाडायचं, ही काकांची नोकरी. बावन्नाव्या वर्षीही ते ती दातओठ खाऊन करायचे.

"बारीक मार," ते मला शिकवायचे. "मोठ्या पॅकेटांनी कोणी मरत नाही. माजिवड्याच्या नाक्यावरचा हवालदार दहा कंटेनर आरामात सोडतो. तीच जागा भरून दोनशे दुचाकी आण, शिट्टी तोंडातच राहते त्याची." खरंच होतं ते. पॅकेट मोठं असो की छोटं, फॉरवर्डरला ते उघडून, पत्ता वाचून पुढे पाठवावंच लागतं. छोटी जास्त येतात, म्हणून तो दमतो. स्क्रीनवर हरवलेल्या पॅकेटांचा आकडा चढू लागला की काका दात काढायचे. "पड. पड ना. कशाला उभा राहिलास?" मशीन अडकलं की टाळी.

पण मार फक्त मशीनलाच बसायचा असं नाही. मी असताना त्यांनी तीन कीबोर्ड फोडले. एकदा कोणीतरी चालू टेस्टची तार उपटली तर त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबलं, पोरगा घामाने भिजला. कल्याणहून ते बाइकने यायचे, भिवंडी बायपासने. एके सकाळी कपाळाला पट्टी, शर्टाला रक्त. "मानकोलीला कंटेनरवाल्याने कट मारला. हेल्मेट काढून त्याची काच फोडली." आणि पट्टी? "तो पण मोकळ्या हाताने खाली नाही उतरला." सांगताना लाज वगैरे काही नाही.

मला ते आवडायचे, हे आता सांगूनच टाकतो. पहिल्या आठवड्यात मी डबा आणला नव्हता तर आपला डबा माझ्यापुढे आदळून म्हणाले, "गिळ." त्यानंतर रोज दोन पोळ्या जास्त असायच्या. पोळ्यांबद्दल थँक्यू म्हटलं की शिवी यायची.

एकदा जेवताना मी विचारलं, "काका, एवढा राग येतो कुठून?" मला वाटलं, आता ताट तोंडावर येणार. पण ते पोळी चावत म्हणाले, "माझा बाप पट्ट्याने मारायचा. वर्षातून दोनदा. ते विसरलो मी. पण येता-जाता टपल्या मारायचा, दिवसभर, कारण नसताना. त्याने मोडलो बघ." मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

आता माझी गोष्ट, म्हणजे माझी घाण.

एका अॅम्ब्युलन्स सेवेच्या कंट्रोल रूमसाठी आमचा फॉरवर्डर जायचा होता. लोक मदतीला फोन करणार, ते बोलणं त्यातून जाणार. बोलण्याची पॅकेटं बारीक असतात, हे लक्षात ठेवा. काका भाचीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर गेलेले. साहेब माझ्या डोक्यावर येऊन उभे. "उद्या माल निघतोय. टेस्ट उरकून रिपोर्ट दे." मी मोठी पॅकेटं मारली, एकही हरवलं नाही. बारीक मारली, तर मशीन थोडा वेळ तगलं आणि मग ठप्प. मी परत मारली, परत ठप्प. साहेबांना सांगितलं असतं तर माल थांबला असता आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या. मी बारीक पॅकेटांचा निकाल पुसून टाकला आणि रिपोर्टवर लिहिलं, पास. चुकून नाही हां. समजून उमजून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका परत आले. रिपोर्ट वाचला.

"बारीक मारलेलं?"

"वेळ नव्हता काका."

"मारलेलं की नाही?"

आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखा, म्हणालो, "साहेबांना चालतंय ना? तुमच्या बापाचं काय जातंय?"

पहिला ठोसा ओठावर बसला. खुर्चीसकट मी मागे गेलो. त्यांनी मला शर्टाला धरून उचललं आणि दुसरा मारला, तो गालावर. डोकं रॅकच्या कोपऱ्यावर आपटलं, तोंडात रक्ताची खारट चव आणि दाताचा तुकडा. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा चौघांनी मागून धरलं. चौघांनाही ते ओढत होते. "माणसं बोलणार आहेत रे त्याच्यावरून," ते ओरडत होते. "घरात माणूस मरतोय म्हणून बोलणार आहेत."

मला दवाखान्यात नेलं. ओठाला चार टाके पडले. लॅबच्या मशीनवर माझं लॉगिन तसंच उघडं राहिलं.

दुपारी मीटिंग झाली. साहेब, एचआरच्या मॅडम, काका आणि सुजलेल्या तोंडाचा मी. मॅडमनी तक्रारीचा कागद पुढे केला, मी सही केली. मग त्यांनी काकांना विचारलं, "मारायचं कारण काय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. चिडून नाही, वाट बघितल्यासारखे. मी टेबलाकडे बघत होतो.

"स्वभाव आहे माझा," ते शेवटी म्हणाले.

"तुला काही सांगायचंय?" मॅडमनी मला विचारलं.

"नाही."

उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तिथेच सांगितलं. एकोणीस वर्षं झालेली त्यांना. संध्याकाळपर्यंत लॅबमधलं सामान आवरायची मुभा दिली, दाराशी वॉचमन उभा करून. मी कोणाला न सांगता घरी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, झालं, कळलं सगळं. तर त्यांनी उठून पाठ थोपटली. "शाब्बास. एवढं लागलेलं असताना परत टेस्ट केलीस. माल गाडीत चढलेला, उतरवला मी." समोर रिपोर्ट होता. 'आधीची टेस्ट फक्त मोठ्या पॅकेटांची होती, ती अपुरी आहे. लहान पॅकेटांवर फॉरवर्डर बंद पडतो. पाठवू नये.' खाली माझं नाव, वेळ काल संध्याकाळची. त्या वेळी मी डोंबिवलीत तोंडाला बर्फ लावून पडलेलो.

फॉरवर्डर दुरुस्त व्हायला महिना लागला. तो गेला आणि व्यवस्थित चालला. मी काकांना फोन लावत होतो, ते उचलत नव्हते. शेवटी एका रविवारी कल्याणला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. आधी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, ओठ बघितला.

"जास्तच लागलं रे तुला."

मला रडू आलं. मी म्हणालो, "काका, रिपोर्ट माझ्या नावाने का दिला?"

"माझ्या नावाने कोणी वाचला असता? मारकुट्या म्हातारा सूड उगवतोय म्हणाले असते." त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग सांगू लागले. तीन ठिकाणी मुलाखती झालेल्या. तिन्हीकडून जुन्या कंपनीला फोन गेला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच, सहकाऱ्यावर हल्ला. "हल्ला केलाच मी. ते खोटं नाही. पण कशासाठी केला ते पण लिहा ना."

"मीटिंगमध्ये तुम्ही का नाही बोललात?"

"तू बोलशील असं वाटलेलं मला."

"उद्या सांगतो काका. साहेबांना सगळं सांगतो. लेखी देतो."

"सांग," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. जिन्यापर्यंत सोडायला आले. मी खालच्या मजल्यावर पोचलो तरी वर कठड्याला धरून उभेच होते.

सोमवारी मी लवकर ऑफिसला गेलो. कबुलीचा अर्ज लिहून खिशात ठेवलेला. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून ठेवलेलं, टेबलावर केक. माझ्या त्या रिपोर्टमुळे कंपनीची अब्रू वाचली, म्हणाले, आणि टेस्टिंगची जबाबदारी आजपासून माझ्याकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"थँक्यू सर," मी म्हणालो, आणि केक कापला.