थोरलीच्या हातात बंद पडणारी गाडी

बाबांची जुनी गाडी थोरलीच्या हातात बंद पडायची आणि धाकटीच्या हातात लोण्यासारखी चालायची. एवढ्याशा गोष्टीवरून थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

थोरली बाबांजवळ राहायची. खाली तिचं शिवणकामाचं दुकान, वर दोघांचं घर. बाबांची औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळं तिच्याच गळ्यात. धाकटी दुसऱ्या शहरात. सुट्टीला यायची, बाबांना गाडीतून फिरवून आणायची, आणि परतल्यावर बाबा दारातूनच सुरू व्हायचे, "काय सुरेख चालवते पोरगी! गाडीनं एकदासुद्धा कुरकुर केली नाही. हात हलका आहे तिचा."

"आणि माझा काय मुसळासारखा आहे?" थोरलीनं एकदा विचारलं. बाबा नुसते हसले. ते हसू तिला आठवडाभर टोचत राहिलं.

तिच्या हातात गाडी कुठेही मान टाकायची. खड्ड्यात, वळणावर, भर चौकात. पुन्हा किल्ली फिरवली की सुरू, जणू काही झालंच नाही. मेकॅनिककडे नेली की साळसूदपणे चालायची. त्यानं प्लग बदलले, कॉइल बदलली आणि शेवटी हात टेकले. "ताई, एकदा माझ्यासमोर बंद पडू द्या, मग बघतो."

"तुमच्यासमोर नाही पडणार. तिचं वैर माझ्याशीच आहे," थोरली म्हणाली.

एका दुपारी कापडाचे गठ्ठे घेऊन येताना गतिरोधकावर गाडी पुन्हा बंद पडली. मागून हॉर्नचा गिल्ला. रागानं किल्लीकडे हात नेताना तिला दिसलं, डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. इंजिन बंद पडलं तर तेलाचा लाल दिवा लागतो, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. म्हणजे बॅटरीचा करंटच पुढे येत नव्हता! आणि आपण मेले इतके दिवस प्लग बदलत बसलो.

गाडी कडेला घेऊन तिनं इंजिन चालू ठेवलं आणि स्टिअरिंगखाली वाकून एकेक वायर हलवून पाहिली. काही नाही. उठताना गुडघा किल्ल्यांच्या जुडग्याला लागला आणि इंजिनानं आचका दिला. तिनं जुडगा खाली ओढला, इंजिन बंद. सुरू करून तो तळहातावर उचलून धरला, तर गाडी गुपचूप चालत राहिली.

दुकानाच्या शटरची, दोन कुलपांची, औषधांच्या कपाटाची, गच्चीची, टाकीची, सगळ्या किल्ल्या त्या एकाच कडीत. किल्ली बसते तो स्विच आतून झिजला होता, आणि हा भार हिंदकळला की करंट तुटत होता. धाकटी खुंटीवरची सुटी किल्ली घेऊन जायची. मेकॅनिकलाही थोरली गाडीची तेवढी किल्ली काढून द्यायची, दुकानाच्या किल्ल्या परक्याकडे कशाला म्हणून.

खरं तर घरी जाऊन तिनं हे लगेच सांगायला हवं होतं. पण तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

सुट्टीला धाकटी आली तेव्हा खुंटी रिकामी होती. सुटी किल्ली थोरलीच्या शिलाई मशीनच्या खणात होती.

"सापडत नाहीये गं," थोरली म्हणाली. "माझा जुडगाच घेऊन जा."

धाकटी बाबांना घेऊन गेली आणि थोरली मशीनवर बसली. शिवण सारखी वाकडी जायला लागली. पडू दे बंद एकदा हिच्याही हातात, असं मनात येई, आणि लगेच बाबाही गाडीत आहेत हे आठवून ती उठून दाराशी जाई.

बऱ्याच वेळानं दोघं आली. धाकटीचा चेहरा पांढराफटक.

"चौकात बंद पडली," बाबा म्हणाले. "हिला किल्ली फिरवायचंही सुचेना, लोकांनी कडेला ढकलली. म्हातारी झाली गं गाडी, तिचा तरी काय दोष! आधी हिला पाणी दे, घाबरलीय बिचारी."

पाण्याचा पेला हातात घेऊन थोरली तशीच उभी राहिली. आपल्या हातात बंद पडली की हात जड, आणि हिच्या हातात पडली की गाडी म्हातारी!

"गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "स्विच झिजलाय. जुडग्याच्या वजनानं बंद पडते. मला माहीत होतं."

धाकटी तिच्याकडे पाहतच राहिली. "माहीत होतं? मग मला का दिलास?"

"तुझ्याही हातात पडते का, ते बघायचं होतं."

सकाळी जाताना धाकटी दारात थांबून म्हणाली, "मला नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं, ताई."

दुसऱ्याच दिवशी मेकॅनिकनं नवा स्विच बसवला. थोरलीनं बाबांना दवाखान्यात नेलं. खड्डे आले, वळणं आली, गाडीनं हूं की चूं केलं नाही. तिला राहवेना.

"कशी चालतेय बाबा?"

"चांगली चालतेय की. तू हात घातल्यावर चालणारच."

हे कौतुक होतं की बाबा सहज बोलून गेले, तिला कळेना. तरी बरं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "धाकटीचा पोचल्याचा फोन आला का गं?"

"आला," ती म्हणाली, आणि तिच्या छातीत ती ओळखीची कळ पुन्हा उठलीच.