तिथीची पाऊणपट

नागावला आमच्या काकांना भरतीची वेळ कुणीही विचारावी. तिथीची पाऊणपट केली की तास निघाला: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे मोबाइलवर आयतं मिळतं असं मी एकदा म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

वेळ कधी चुकली नाही. पण समुद्र कुठवर येणार, ते तिथी सांगत नाही. वादळात वाडीतले पुढचे माड पडले, पाठोपाठ सुरूची रांग गेली, आणि दरवर्षी पाणी घराकडे सरकू लागलं. काकूचं म्हणणं, रस्त्यापलीकडे आपली जागा आहे, तिथे घर बांधू. काकांच्या मते हवामान बदललं ते पेपरात. समुद्र आपल्या कुंपणाच्या आत कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता. "ज्या दिवशी आत येल, त्या दिवशी हलू," असा शब्द मात्र त्यांनी चारचौघांत देऊन ठेवला होता.

मग त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला, पौर्णिमेचा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. काकांनी पंगत मुद्दाम तेव्हाच धरली, तीही वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला. कुंपणाशी आलेली भरती व्याह्यांना जेवता जेवता दाखवायची हौस, दुसरं काय! काकू म्हणाली, "मागच्या अंगणात बसवू या." तिचं कोण ऐकतंय?

पहिला भात वाढून झाला आणि पाणी कुंपणातून आत आलं. लाटबिट नाही, ओळखीच्या माणसासारखं सावकाश आलं. आधी चपला निघाल्या, मग पत्रावळी. व्याह्यांचं वालाचं बिरडं तरंगत समोरच्या पंगतीत विहीणबाईंपुढे गेलं. व्याही पाटावर उकिडवे बसून "असू दे, असू दे" म्हणत होते. मला हसू आवरेना, पण काका माझ्या समोरच होते. घोटाभर पाण्यात, एका हातात तुपाचं भांडं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बरोबर सव्वाअकरा," ते म्हणाले.

व्याही भले निघाले, सोयरीक टिकली. पंगत शेवटी मागच्या अंगणातच उठली, आणि काकू एका शब्दानं काही बोलली नाही. ते काकांना जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपणहून रस्त्यापलीकडे गेले, नव्या घराची आखणी करायला. दोरी मी धरली, फक्की काकू टाकत होती. मध्येच काका थांबले. समुद्राकडे कान देऊन बराच वेळ उभे राहिले. जन्मभर हा माणूस त्या आवाजावर झोपला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हितं गाज ऐकू येल का गो?" त्यांनी काकूला विचारलं.

काकूनं मान वर केली नाही. "न येऊन कुठं जातो," ती म्हणाली. "मागोमाग येतोयच की तो."