रेडिएटरवाल्याचा बेडूक

गळके रेडिएटर दुरुस्त करण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याने पन्नाशी उलटल्यावर एका जुन्या जीपला खालून पत्र्याची नाव जोडली आणि मागे पंखा बसवला. "आजवर पाणी आत ठेवलं, आता बाहेर ठेवायचं. काम तेच," असं तो गॅरेजात येईल त्याला सांगायचा. गल्लीने गाडीचं नाव 'बेडूक' ठेवलं. रेडिएटरवाल्याला ते झोंबलं. पण हिरवा रंग त्यानेच निवडला होता.

हे खूळ हौसेचं नव्हतं. बायकोचं माहेर नदीपलीकडे, इकडच्या काठावरून छप्पर दिसेल इतकं जवळ. नावाडी सासऱ्याचे गुडघे गेले, होडी बंद पडली, आणि तिकडे जायचं म्हणजे पुलाचा वळसा घालण्यात अर्धा दिवस मोडायला लागला. त्यामुळे बायकोचं जाणंच थांबलं. "तुला दारात बसवून दारात उतरवतो," असा शब्द नवऱ्याने दिला होता. तिची अट एकच.

"कागद दोन्ही हवेत, रस्त्याचा आणि पाण्याचा. विनापरवाना नावेतून उतरले तर बाबा काठावरूनच परत धाडतील."

गाड्यांच्या कचेरीत तपासनिसाने बेडकाला एक प्रदक्षिणा घातली.

"हे पुढे काय लोंबतंय?"

"नांगर."

"काढा. कुणाच्या तरी पोटात घुसेल."

"साहेब, नांगराशिवाय होड्यांच्या कचेरीत पास करत नाहीत."

"मग पाण्यात लावा ना. रस्त्यावर कशाला मिरवताय?"

रेडिएटरवाला खाली वाकून नांगर सोडवत होता, तेवढ्यात मागे घुर्र आवाज झाला. कचेरीचा फिटर नंबरप्लेट बसवत होता. पत्र्याला आरपार चार भोकं, तीही बरोबर बुडणाऱ्या भागात.

"काका, आता भूकंप आला तरी हलायची नाही," फिटर खूश होऊन म्हणाला.

परक्याच्या रेडिएटरला सुईएवढं भोक राहिलं तरी ज्याला जेवण जात नसे, तो माणूस दाढ उपटल्यासारखा चेहरा करून घरी आला. प्रत्येक रिव्हेटभोवती त्याने डाख दिला. मग सवयीप्रमाणे गाडीतच पाणी भरलं आणि थेंब शोधत बाहेरून फिरू लागला.

"अहो, नाव बाहेरून भिजते," शेजारी कुंपणावरून म्हणाला.

"भोकाला दोन्ही बाजू सारख्याच."

थेंब पडला नाही.

होड्यांच्या तपासणीला बायको पिशवी भरूनच घाटावर आली होती. तपासनीस बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी तळ चाचपला, नांगर ओढून पाहिला आणि बोट दाखवलं. "त्या खांबापाशी नेऊन थांबवा."

बेडूक झोकात पाण्यात उतरला, झोकात निघाला. खांब जवळ येताच रेडिएटरवाल्याने तीस वर्षांच्या सवयीने ब्रेक दाबला. बेडकाने दखल घेतली नाही. त्याने दोन्ही पायांनी दाबला. मग खांबानेच गाडी थांबवली.

"अहो, पाण्यात कसला ब्रेक! पंखा उलटा फिरवा!" बायको काठावरून ओरडली.

गाडी काठाला लागल्यावर तपासनीस बाई म्हणाल्या, "नाव पास. चालवणारा नापास. पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी."

रेडिएटरवाल्याने पिशवीकडे पाहिलं. सहा महिने ती पिशवी घरात समोर दिसणार होती.

"हिची घ्या," तो म्हणाला. "नावाड्याची मुलगी आहे."

हे वाक्य लग्नापासून त्याने अनेकदा उच्चारलं होतं, पण कौतुकाने पहिल्यांदाच.

बायकोने पिशवी त्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि खांबाला हात लागेल इतक्या जवळ नेऊन बेडूक अलगद थांबवला. पाण्याच्या कागदावर चालक म्हणून तिचं नाव लागलं.

दुसऱ्या दिवशी घरापासून घाटापर्यंत त्याने गाडी चालवली. घाटावर जागा बदलल्या, नांगर चढवला. पलीकडे सासरा खुर्ची टाकून बसलाच होता.

"जावईबापू," तो लांबूनच ओरडला, "तुम्ही प्रवासी का?"

"बाबा, त्यांना बोलू नका, नांगर त्यांच्याकडे आहे," मुलगी म्हणाली.

चाकं तळाला टेकली. रेडिएटरवाल्याने स्टिअरिंगकडे हात नेला. "आता रस्ता लागला, ऊठ."

"अजून ओलं आहे."

पाणी संपलं तिथे तिने बरोबर गाडी थांबवली. पिशवी घेऊन उतरली आणि बापाला हाताला धरून चढावर घेऊन गेली.

मग रेडिएटरवाल्याने नियमाप्रमाणे नांगर उतरवला, स्टिअरिंगवर बसला आणि सासऱ्याच्या दारापर्यंतचा तेवढा रस्ता एकट्याने चालवला. दारात ब्रेक दाबला. चोख लागला.

बघायला मात्र कुणी नव्हतं. बापलेक केव्हाच आत गेले होते.