सुमतीअक्कांचा नकाराचा वर्ग

डोंगरातल्या होमस्टेत राहून आलेल्या बहुतेकांना एक कोडे पडले असेल. पाटीवर घरच्या बाईंचे नाव असते, जाहिरातीत त्यांचेच छायाचित्र असते, पाहुणे कौतुक करतात तेही त्यांच्या हातच्या जेवणाचे. खोली मिळेल का, हे विचारायला फोन केला की मात्र शहरातला कुणी तरुण उत्तर देतो. असे का? हे समजून घ्यायचे, तर सुमतीअक्कांचे काम समजून घ्यावे लागते. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी तेवढेच करू पाहतो.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक. कर्नाटकातल्या मलनाडच्या डोंगरांतल्या काही स्त्रियांना अक्का होमस्टे चालवायला शिकवीत. खोलीचे दर कसे ठरवावेत, हे त्यांना समजावून सांगायला मी बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या अक्कांच्या घरी प्रथम गेलो. माझे बोलणे लांबले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "मास्तर, छान सांगितलंत. आता स्वल्प बाजूला बसा, आमचा तास आहे."

त्या तासाला अक्का स्वतः पाहुणा झाल्या. समोर शिकायला आलेल्या गिरिजम्मा होत्या.

"बाई, आम्ही बारा जण आहोत. रात्रभर गाणी लावणार."

"सरी, बरं, या," गिरिजम्मा म्हणाल्या.

"पुन्हा."

"आवाज जरा कमी ठेवा."

"पुन्हा."

"घरच्यांना विचारून सांगते."

"घर कुणाचं गं? पुन्हा."

गिरिजम्मा वैतागल्या. "जमणार नाही. दुसरीकडे बघा."

"बघते," म्हणत अक्का पिशवी उचलून खरोखरच दाराबाहेर गेल्या आणि सगळ्या जणी हसत सुटल्या.

यामागचा विचार क्रमाने मांडतो. दार कुणासाठी उघडायचे हे बाईंनी ठरवले, तर दर, जेवण आणि स्वतःची विश्रांतीही त्याच ठरवतात. तो एक निर्णय हातून गेला की बाकीचे त्याच्या मागोमाग जातात, आणि आपल्याच घरात त्या स्वयंपाकीण होऊन राहतात.

अक्का हे केवळ शिकवीत नसत. माझी पत्नी आजारातून उठत होती, तेव्हा त्या रोज सारभात घेऊन येत आणि आमच्या दारात बसून भेटायला येणाऱ्यांना परत पाठवीत. माझ्या सख्ख्या भावालाही त्यांनी सोडले नाही. "अण्णा, ती झोपलीय. नंतर या."

पुढे रस्ते रुंद झाले, शनिवार-रविवारी बेंगळुरूहून गाड्यांची रीघ लागली. या स्त्रियांच्या मुलांनी करार केले आणि घरांचे आरक्षण शहरातल्या कचेऱ्यांकडे गेले. अक्कांनी उभ्या केलेल्या घरांपैकी आज एकही त्या त्या बाईंच्या हाती उरलेले नाही. गौरवग्रंथात हे लिहू नये, असे संपादकांनी सुचवले. अक्का म्हणाल्या, "लिहा. खरं आहे ते."

यंदाच्या हिवाळ्यात अक्का आणि मी गिरिजम्मांकडे गेलो होतो. निघायच्या सकाळी अक्कांचा गुडघा सुजला. त्या म्हणाल्या, "गिरिजा, आजचा दिवस राहू का गं?"

गिरिजम्मांचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. "विचारून सांगते, अक्का." त्यांनी आरक्षण पाहणाऱ्या, बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या कचेरीत फोन लावला. बोलणे संपल्यावरही फोन कानाशीच धरून त्या उभ्या राहिल्या. "खोली दुसऱ्या कुणाला दिलीय म्हणतात. माझ्याजवळ स्वयंपाकघरात झोपाल का?"

"नको गं. तुला बोलणी बसतील."

परतीच्या वाटेवर अक्का म्हणाल्या, "मास्तर, मी नाही म्हणायला शिकवलं. हो म्हणणंही हातातून जाईल, हे मला सुचलंच नाही."

सुमतीअक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, एवढेच मागतो. त्यांचे काम त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उभे राहील, असे मात्र माझ्याने लिहवत नाही. वाचकांनी एक साधी चाचणी करून पाहावी. डोंगरातल्या अशा एखाद्या घरातून निघताना, तुम्हाला वाढणाऱ्या बाईंना विचारा, "आणखी एक दिवस राहू का?" आणि उत्तर देण्याआधी त्या कुणाला विचारतात, ते पाहा.