पासलीतल्या रोजच्या बैठका

भोरच्या एका संस्थेत संजीवनी सात वर्षं तासांची शीट सांभाळत आली. संस्थेच्या एकवीस सेविका डोंगरातल्या वस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन तपासायच्या, आणि कुठे किती वेळ गेला ते आपापल्या मोबाईलवरून त्या एकाच शीटमध्ये भरायच्या. एका चुलीवर एकवीस जणींनी स्वयंपाक करावा तसा प्रकार. एकीने लिहिलेलं दुसरीच्या बोटाने पुसलं जायचं आणि बोलणी खायची संजीवनीने.

एकदा सोनियाने फक्त नावांचा रकाना अकारविल्हे लावला. तास राहिले जागच्या जागी. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या शेफालीने त्या महिन्यात सगळ्यात जास्त काम केल्याचं दिसलं. ते निस्तरता निस्तरता संजीवनीच्या नाकी नऊ आले. आठवडाभर ती घरी नवऱ्याशीसुद्धा धड बोलली नाही.

"एक तर ही शीट बंद करा, नाहीतर मला मोकळं करा," असं तिने साहेबांना तोंडावर सांगितलं. वर्षभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे डेटाबेस आला. तो बसवायला पुण्याहून आकाश नावाचा इंजिनिअर आला होता. आता प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, एकीचं लिहिलेलं दुसरीला हलवता येणार नाही, आणि काम हाताने लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. यादी तेवढी तुम्ही द्या, असं आकाश म्हणाला. संजीवनीने चहा निवायच्या आत ती दिली: गृहभेट, तपासणी, औषधवाटप, बैठक वगैरे अकरा कामं. शीटमध्ये असलेला शेऱ्याचा रकाना मात्र तिने हट्टाने काढायला लावला. त्यात बायका वाट्टेल ते लिहितात, असं तिचं ठाम मत होतं.

दोन महिने सुखाचे गेले. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी अहवाल तिच्यापुढे टाकला. पासलीकडच्या फुलाबाईंच्या नावावर रोज चार तास बैठक लागली होती.

"त्या डोंगरात रोज कसली बैठक भरते? लेखी खुलासा घ्या. पटला नाही तर त्यांचं नाव कमी करा."

संजीवनीचा संताप झाला. एवढा आटापिटा करून आणलेल्या वस्तूला खोट्या नोंदींचा डाग लागावा, आणि तोही बारा वर्षं काम केलेल्या बाईकडून? तिने फुलाबाईंना भोरला बोलावून घेतलं. पन्नाशी उलटलेल्या फुलाबाई दोन एसट्या बदलून आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"रोज चार तास कुणाबरोबर बसता, फुलाबाई?"

"बसती कुठं, ताई? चालती. रस्त्यापास्नं वरच्या वस्तीवर जायाला दोन तास, यायाला दोन."

"मग बैठक का लावता?"

"मोबाईलात चालन्याचं नावच न्हाई. आठ तास पुरं भरल्याबिगर ते फुडं जाऊ देत न्हाई. आदी म्या शेऱ्यात लिवायची, चालत गेली म्हनून. आता शेरा बी न्हाई. वाटंत दोनदा खाली बसती, म्हनून बैठक दाबलं. तेवढं तरी खरं हाय."

संजीवनीने अकरा कामं पुन्हा मनात मोजली. चालणं हेही काम आहे, हे तिला सुचलंच नव्हतं. सात वर्षं ती फुलाबाईंच्या शेऱ्यातलं "चालत" वाचत होती आणि कचरा समजून सोडून देत होती. तिला स्वतःचीच चीड आली.

"ती यादी कुनी केली, ताई?" फुलाबाईंनी सहज विचारलं.

आकाशचं नाव अगदी ओठावर आलं होतं. तो काही विचारायला येणार नव्हता.

"मी केली," संजीवनी म्हणाली.

"मला वाटलं, पुन्याच्या मानसानं केली," फुलाबाई म्हणाल्या.

खुलाशाचा कागद टेबलावर तयार होता. संजीवनीने त्यावरचं फुलाबाईंचं नाव खोडलं, तिथे स्वतःचं घातलं आणि लिहायला घेतलं.