टँकरचा क्रम

शिरूर कासारला मी नववीला प्रोग्रॅमिंग शिकवायचो, तेव्हा माझे सगळ्यात वयस्कर विद्यार्थी म्हणजे आमचे गणिताचे सर. पोरांच्या बाकावर बसून शिकायचे, चुकलं की शेजारच्या मुलीला विचारायचे. त्यांच्या घरचा डबा मी खाल्लाय. भावासारखा माणूस वाटायचा मला. मीही एक नंबरचा बावळट.

दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर गल्लोगल्ली ड्रम भरत फिरायचा आणि शेवटच्या गल्लीच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा. वाटप गावच्या सहकारी सोसायटीकडे, आणि बौद्धवस्ती कायम शेवटी. सरांच्या शेजारी बसणारी ती मुलगी त्याच वस्तीतली. तिनं प्रोग्रॅम लिहिला: रोज सकाळी कॉम्प्युटरनंच चिठ्ठ्या टाकल्यासारखा गल्ल्यांचा क्रम काढायचा. लहानसाच, पण चोख. सोसायटीच्या चेअरमननी तिला हार घातला. शाळाही त्यांच्याच संस्थेची. रोज सोसायटीच्या ऑफिसात जाऊन प्रोग्रॅम चालवायचं काम त्यांनी सरांना दिलं. मी निर्धास्त झालो.

सुरुवातीला क्रम खरंच फिरला. मुलीच्या आईनं मला घरी बोलावून चहा पाजला. मग तिची वस्ती पुन्हा शेवटी येऊ लागली, रोजच्या रोज. तक्रार केली की उत्तर तयार असायचं, कॉम्प्युटरनं काढलंय आणि प्रोग्रॅम तुमच्याच पोरीचा आहे. वस्तीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

मी ऑफिसात जाऊन प्रोग्रॅम उघडला. मधेच एक ओळ घुसवलेली होती: ही वस्ती कुठंही आली तरी उचलून शेवटी टाक. ओळीच्या आधी ठरावीक मोकळी जागा सोडली नाही तर प्रोग्रॅम अडतो; ती सोडायला सर नेहमी विसरायचे, त्यावरून मी कितीदा डोकं फोडून घेतलं होतं. इथं मात्र माझी शिकवण लक्षात ठेवून त्यांनी जागा अगदी बरोबर सोडली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी जाब विचारला तर सरांनी नाकबूलही केलं नाही.

"चेअरमन म्हणले, मंग मी काय करू? तुमचं काय, आज हाय, उद्या न्हाई. मला इथंच राहायचंय."

मी ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी टँकरपाशी लोक जमले तेव्हा सगळं सांगून टाकलं, पोरीचा यात काडीचा दोष नाही म्हणालो. लोकांनी सरांना विचारलं. मला अजूनही वाटत होतं की पोरीसमोर तरी हा माणूस खोटं बोलणार नाही.

"प्रोग्रॅम पोरीचा हाय," सर खाली बघत म्हणाले. "मी निस्तं बटन दाबतो."

ती ओळ मीच पुसलेली, दाखवायला काही उरलं नव्हतं; आणि दोन मास्तरांपैकी ते गावचे होते, मी बाहेरचा. मुलीची आई पुढं आली आणि चारचौघांत तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. पोरगी रडली नाही. गाल धरून ती बघत राहिली ती माझ्याकडे, सरांकडे नाही.